खोकला नसलेली गल्ली

आमच्या गल्लीत कोणालाच खोकला होत नव्हता. सर्दी नाही, ताप नाही, लेकरांच्या छातीत घरघर नाही. दवाखान्यातून घरोघर फिरणाऱ्या बेनच्या, म्हणजे ताईच्या, वहीत आमच्या नावांपुढे चौकटी होत्या आणि त्या सगळ्या चौकटींत फुल्या होत्या, म्हणजे इथे सगळे ठणठणीत. सुरतेतल्या अख्ख्या लिंबायतला खोकला व्हायचा, आम्हांला मेल्यांना नाही. आणि ह्या फुल्या पडायच्या कोणाच्या सांगण्यावरून? माझ्या. चौदा वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या, गुजराती फाडफाड बोलणाऱ्या माझ्या. माझी धाकटी सून म्हणते, आई, हे लिहायला बसलात की तुमचं बीपी वाढतं, राहू द्या ना. वाढू दे. शाळेचं, लग्नाचं, कोसाडच्या घराचं सगळं गोडीगुलाबीने लिहीन, पण ह्या एका वर्षाचं लिहिताना माझी तळपायाची आग मस्तकात जाते आणि ती जाऊ द्यावी असंच मला वाटतं.

आमचं घर म्हणजे खात्याच्या डोक्यावरची खोली. यंत्रमागाच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. खाली माग, त्यांना आम्ही मशीनच म्हणायचो, आणि वर कारागिरांच्या सहा खोल्या, एक जिना, एक नळ. खातंही शेठचं आणि खोल्याही शेठच्याच. म्हणजे काम गेलं की घर गेलं आणि घर गेलं की काम गेलं. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे बारा तासांच्या पाळीत बारा मशिनी सांभाळायचे. मशिनी दिवसरात्र चालायच्या. खटाक खटाक खटाक, जमिनीतून येऊन टाचेत शिरायचं. ताटातली डाळ हलायची. फळीवरचे पेले सरकत सरकत कडेला यायचे, म्हणून मायने फळीला पुढून दोरी बांधली होती. माय भाकरी थापायची, पण त्या थापण्याला आवाज असतो हे मला अमळनेरकडे आमच्या गावी गेल्यावर कळलं. आजीच्या चुलीपुढे बसून मी तो आवाज ऐकला आणि हसत सुटले, तर आजीला वाटलं पोरगी वेडी झाली.

त्या आवाजात बोलायचं कसं, तर ओरडून, नाहीतर हातांनी. खात्यातल्या लोकांच्या खुणा आमच्या घरात आल्या होत्या. जेवलीस का, याला बोटं तोंडाकडे. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली, याला दोन बोटांची कात्री. शेठ आला, याला पोटावर हात. माय दिवसभर दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, तिच्या मांडीवर नायलॉनचा ढीग, आणि शेजारी लुगड्याच्या झोळीत माझा भाऊ गोलू, आठ महिन्यांचा. तो रडतो आहे की नाही हे ऐकू यायचं नाही. माय धागा कापता कापता एक हात झोळीत घालून त्याच्या छातीवर ठेवायची आणि छाती जोरात हलली की समजायची, रडतोय. आम्हां सगळ्या लेकरांना आमच्या आयांनी असंच हाताने वाढवलं. आणि सुताची ती बारीक धूळ, ती तर भाकरीवर, केसांत, पापण्यांवर. सकाळी नाक शिंकरलं की ज्या रंगाचा ताणा खाली लावलेला असेल त्या रंगाचं निघायचं. हे आम्हांला गमतीचं वाटायचं. आज गुलाबी, आज मोरपंखी. काय अक्कल!

आता ती खोकला लपवायची रीत कुठून आली, ते सांगते. करोनाच्या टाळेबंदीच्या वर्षी, आता पन्नासेक वर्षं होतील त्याला, आमच्या जिन्यावरच्या एका कारागिराला खोकला-ताप झाला. त्याने भोळेपणाने तपासायला आलेल्यांना सांगितलं. त्याला नेलं, जिन्याला बांबू ठोकले, दारावर कागद चिकटला आणि खातं बंद. वरच्या सहाही खोल्या आत. रोज कोणीतरी खिचडीची पाकिटं बांबूवरून द्यायचं. तो माणूस बरा होऊन आला, पण शेठने त्याला परत ठेवला नाही, आणि आमच्याच लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, तुझ्यामुळे आमची रोजी बुडाली म्हणून. तो बिचारा बायको-लेकरांना घेऊन गावाकडे गेला तो गेलाच. शेठने नंतर सगळ्यांना खाली उभं करून सांगितलं, माझ्या खोल्यांत खोकला चालणार नाही, ज्याचं नाव दवाखान्याच्या वहीत चढलं त्याने त्याच दिवशी पोटलं बांधायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या लोकांनी तर ताकाचं भांडंच फोडून टाकलं.

कारण साथ ओसरली, बांबू गेले, कागद गेले, मास्क खुंटीला लागले, आणि दवाखान्याची बेन यायला लागली ती वेगळ्याच कामासाठी. लहान लेकरांच्या छातीत कफ साठतो का, निमोनिया होतो का, लसीचे डोस राहिलेत का, हे बघायला. पण पिशवी तीच, वही तीच, प्रश्न तोच: "कोईने खांसी?" मग आमच्या लोकांना फरक कसा कळावा? तो सांगायला कोणी आलं नाही, हे खरं. पण विचारायलाही आमच्यातलं कोणी गेलं नाही, हेही तितकंच खरं. बेन गल्लीच्या तोंडाशी दिसली की जी पहिली बघेल ती खांद्यावर दोन बोटं ठेवायची, पिशवीच्या पट्ट्याची खूण. ती खूण दारादारातून जिन्यावर यायची आणि ज्या लेकरांना खोकला असेल ती पटापट उचलून खाली खात्यात जायची. सुताच्या खोक्यांच्या मागे, भिंतीशी, एक पोतं अंथरलेलं होतं, तिथे त्यांना बसवायचं. खात्यात कोणी कितीही खोकलं तरी ऐकू येणार आहे थोडंच? बेन आत यायची नाही, शेठने तिला पहिल्याच खेपेला सांगितलं होतं, मशिनी चालू आहेत, ओढणी अडकेल. म्हणजे ज्यांना धड श्वास येत नाही त्या लेकरांना आम्ही गल्लीतल्या सगळ्यांत वाईट हवेत नेऊन बसवायचो, तास तास, आणि हे करून आम्हांला वाटायचं, काय शिताफी केली!

आणि जिन्याच्या तोंडाशी उभी कोण, तर मी. माझं गुजराती चांगलं, चेहरा भाबडा, शाळेचा ड्रेस. बेन विचारणार, "घरमां नानुं बाळक छे? ताव, खांसी?" आणि मी म्हणणार, "ना बेन, बधा सारा छे," सगळे बरे. ती फुली मारणार. ती गेली की बाया माझ्या पाठीवर थाप मारायच्या. शेजारच्या खोलीतली रत्नामावशी तर मला दर वेळी गाडीवरचा गरम गरम लोचो आणून खायला पैसे द्यायची आणि म्हणायची, "भलती हुशार शे ही पोर, वकील व्हयी." रत्नामावशी मायची जिवाभावाची. एकीची शेवभाजी झाली की दुसरीकडे वाटी जायचीच. तिला पिंकी नावाची दोन वर्षांची मुलगी होती, गोबरी, सारखी माझ्या वेण्या ओढणारी. मला ताई म्हणता यायचं नाही तिला, तायी तायी करायची.

त्या दिवशी खांद्यावरची दोन बोटं आली तेव्हा गोलूला तीन दिवसांपासून खोकला होता आणि पिंकीला त्याच्याही आधीपासून. मायने गोलूला माझ्या हातात दिलं, "पोऱ्याले खाले लई जाय." मी एका कडेवर गोलू आणि दुसऱ्या हाताला पिंकी अशी खाली गेले, दोघांना पोत्यावर आबांच्या नजरेसमोर ठेवलं आणि जिन्याशी येऊन उभी राहिले. माझे ते पाय आठवतात मला. धावत गेले होते, मोठ्या कामाला निघाल्यासारखे.

बेन त्या दिवशी लवकर हलली नाही. दमलेली होती, जिन्याच्या पायरीवर टेकली, पाणी मागितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, मशिनींच्या आवाजावर ओरडून ओरडून तिने मला समजावलं. लेकराचा सदरा वर करायचा, एक मिनिट घड्याळ लावायचं आणि श्वास मोजायचे. भराभर चालले असतील तर दवाखान्यात आणायचं. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, दूध पिताना दमत असेल, कण्हत असेल, तर मोजतही बसायचं नाही, तसंच उचलून आणायचं, रिक्षा करायची, उद्या म्हणायचं नाही. तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवून खड्डा कसा पडतो ते करून दाखवलं. "समजी ने, बेटा? कोई छे एवुं?" मला सगळं समजलं होतं. मी म्हटलं, "ना बेन, कोई नथी." तिने फुली मारली आणि गेली. मी लोचो आणायला गेले. होय, गेले. रत्नामावशीने पैसे दिले आणि मी वर जास्तीची शेव मागून घेतली.

दोन दिवसांनी, दुपारची वेळ. माय धागे कापत होती, मी पुस्तक घेऊन पालथी पडले होते, आणि खालच्या खांबावर फाडकन काहीतरी उडालं आणि लाईट गेली. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. ज्याने खात्यावर आयुष्य काढलं नाही त्याला ती शांतता कळायची नाही, कानात दडे बसल्यासारखं होतं. लांबवर रिक्षाचा हॉर्न, नळाचं ठिबकणं. आणि खोलीतच, अगदी जवळ, कोणीतरी कण्हत होतं. हं. हं. हं. म्हाताऱ्या माणसासारखं. मायने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनाही आधी वाटलं दारात कोणी आलंय. मग माय झोळीकडे वळली.

तो आवाज गोलूचा होता. तिचा हात सबंध सकाळ त्याच्या छातीवर जात होता. हलतेय ना छाती, हलतेय, बास. ती का हलतेय हे हाताला काय कळणार? मी त्याचा सदरा वर केला. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, वाटी ठेवावी एवढा, एकेका श्वासाला. ओठांना शाईची झाक. मी ओरडले, "माय, दवाखान्यात चल." तर माय उठली ती ओव्याच्या डब्याकडे. तवा तापवून ओव्याची पुरचुंडी केली म्हणजे छाती मोकळी होते, तिच्या आईने तिला तसंच वाचवलं होतं म्हणे. "दवाखान्यात नाव लिखतस," ती म्हणाली, "मंग बेन ई, मंग शेठ काढी देई." मी तिच्या हातातला डबा हिसकावला. ओवा सगळ्या खोलीभर सांडला. माझ्या आईशी मी त्याआधी कधी तशी वागले नव्हते.

मी गोलूला उचलून खाली पळाले. खात्याच्या दारात लोक विड्या फुंकत बसले होते, शेठ खुर्चीवर, आबा उभे. मी आबांना म्हटलं, ह्याला श्वास येत नाहीये. आबांनी शेठकडे बघितलं. आपल्या पोराकडे बघायच्या आधी शेठकडे बघितलं, हे मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही आणि त्यांना ते माहीत होतं. शेठ बसल्या जागेवरून म्हणाला, "अरे, सर्दी छे. मेडिकलमांथी बाटली लई ले ने. हवे लाईट आवशे." आबा म्हणाले, "थांब जरासं, लाईट आली की..." मी थांबले नाही. रिक्षात बसले. मागून माय अनवाणी धावत आली आणि चालत्या रिक्षात चढली, मांडीभर नायलॉनचे धागे तसेच लुगड्याला चिकटलेले.

सरकारी दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भयंकर चिडल्या. "इतने दिन क्या कर रहे थे? बच्चा ऐसे साँस ले रहा है, सुनाई नहीं दिया?" माय लुगड्याला चिकटलेले धागे एकेक करून काढत राहिली. काय सांगणार होती ती, की नाही बाई, नाही ऐकू आलं? मला त्या बाईंचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण आज विचाराल तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते त्यापुढे. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, पत्ता? मायने माझ्या हाताला चिमटा काढला. मी मामाचा पत्ता सांगितला, नवागामचा. मग त्यांनी विचारलं, घरात, शेजारीपाजारी आणखी कोणा लहान लेकराला खोकला आहे? आमची माणसं जाऊन बघून येतील. आणि त्या वेळी, माझ्या भावाच्या नाकात नळी असताना, त्या पोटाचा खड्डा माझ्या डोळ्यांसमोर पडत असताना, मी म्हटलं, "नहीं मॅडम, कोई नहीं." सवय! जिभेला सवय लागली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, पण आम्ही तर ताक हातात पडल्यावरही भांडं पदराखालीच ठेवलं.

गोलू वाचला. सहाव्या दिवशी त्याने मायचं दूध नीट ओढलं आणि वॉर्डातल्या दायीने त्याच्या ढुंगणावर चापट मारून म्हटलं, "हवे घेर जा, बदमाश." आम्ही रिक्षाने घरी आलो. जिना चढून वर आलो तर रत्नामावशीच्या दाराशी चपला होत्या, खूप चपला. पिंकी आदल्या दिवशी गेली होती. खाली मशिनी चालू होत्या. शेठने पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि तिच्या बापाला एक दिवसाची सुट्टी. बाया म्हणत होत्या, ताप डोक्यात गेला. दुसऱ्या म्हणत होत्या, नजर लागली, गोबरी होती ना. कोणी म्हणालं, तिचं तेवढंच लिहिलेलं. कोणी म्हणजे कोणी खोकल्याचं नाव काढलं नाही! मेलेल्या लेकरालासुद्धा आमच्या गल्लीत खोकला झाला नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. रत्नामावशीने गोलूकडे बघितलं, हात पुढे केला, त्याच्या पायाला बोट लावलं आणि पदर तोंडावर घेतला. तिने मला काही विचारलं नाही आणि मीही तिला, पिंकीला तसाच खड्डा पडत होता का, असं विचारलं नाही. मला माहीत होतं. बेनने जिन्यावर बसून मला एकटीलाच तर शिकवलं होतं.

पंधरा दिवस झाले असतील. मी शाळेतून येत होते तर गल्लीच्या तोंडाशी एका बाईने खांद्यावर दोन बोटं ठेवली. मी जिना चढून वर गेले आणि माझ्या डोळ्यांनी काय बघितलं, तर माय गोलूला कुंचीत गुंडाळत होती. त्याचा खोकला अजून पुरता गेला नव्हता. मला वाटलं दवाखान्याचा कागद शोधत असेल बेनला दाखवायला. ती म्हणाली, "लवकर लई जाय त्याले खाले." मला सांगा, माणसाने काय करावं? मी म्हटलं, "माय, पिंकी मेली." ती म्हणाली, "हळू बोल." मशिनींच्या त्या गदारोळात ती मला हळू बोल म्हणाली. मग म्हणाली, "घर गयं तं याले लईसन कठे जाऊ?" तिचंही खरं होतं हो. तिथे सगळ्यांचंच खरं होतं, म्हणून तर सगळ्यांचाच एवढा संताप येतो. मी गोलूला घेतलं नाही, तेव्हा ती स्वतः घेऊन खाली गेली. जिन्यावर आणखी तीन बाया उतरत होत्या, कडेवर एकेक.

बेन आली. तीच पिशवी, तीच वही. विचारलं, "केम बेटा, कोईने खांसी?" आणि माझ्या तोंडून नेहमीचा "ना बेन" यायला लागला होता, खरंच यायला लागला होता. मी ओठ चावला. मग म्हटलं, "एक मिनिट थांबा बेन. फक्त ऐका." आणि खात्याच्या दारातून आत शिरले. मेन स्विच दाराच्या डाव्या हाताला होता, मोठी लाल मूठ, तिला हात लावला तर शेठ हात तोडेल असं लहानपणापासून ऐकलेलं. चालत्या मशिनी अशा बंद केल्या की शेकडो तारा तुटतात, कापडावर पट्टी पडते, अख्खा तागा वाया जातो. मी दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा ती मूठ खाली आली.

शांतता झाली आणि त्या शांततेत खोक्यांच्या मागून लेकरं खोकत होती. एक नाही, दोन नाही. चार लेकरं, थांबत नव्हती, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. कारागीर जागच्या जागी उभे. बाया आपापल्या लेकराच्या तोंडावर हात ठेवायला धावल्या, माझी मायसुद्धा. मी दारातून ओरडले, "बेन, आवो! अंदर आवो!" बेन आली. ओढणी कमरेला खोचून त्या पोत्यावर मांडी घालून बसली, मोबाईलमधलं घड्याळ लावलं आणि एकेका लेकराचा सदरा वर करून श्वास मोजत राहिली. शेठ धावत आला, त्याने माझ्या थोबाडीत मारली, डाव्या कानावर. तो कान अजूनही नीट नाही. आबा मध्ये आले नाहीत. बेनने मान वर केली नाही, फक्त म्हणाली, "शेठ, अवाज नहीं. गिनती चालू छे." दोन लेकरांना तिने त्याच दुपारी दवाखान्यात पाठवलं, रिक्षाचे पैसे स्वतःच्या पाकिटातून काढून. गोलूला आणि चौथ्याला औषध दिलं. मग वही मिटली आणि निघून गेली. बांबू आले नाहीत, कागद चिकटला नाही, खातं एक दिवसही बंद झालं नाही. ज्या भुताला भिऊन आम्ही लेकरं धुळीत कोंबत होतो ते भूत केव्हाच गेलेलं होतं. हे कळायला एक लाल मूठ ओढावी लागली आणि हे मला आजतागायत सहन होत नाही.

शेठने मात्र शब्द पाळला. आम्हांला म्हणाला, आठवड्यात खोली खाली करा. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता माझी नातवंडं ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, मूठ ओढली तिथे टाळ्या वाजवतात, आमची आजी कसली डेंजर म्हणतात. गोलू स्वतः, चांगला पोट सुटलेला बाप्या, माझ्या पाया पडतो दर दिवाळीला. मी त्यांना तिथेच थांबवते. पुढचं सांगत नाही. इथे लिहिते.

खोली सोडायच्या दिवशी आबा आणि माय खाली टेम्पोत सामान रचत होते. मी शेवटचं पोटलं घ्यायला वर आले, तर जिन्यावर रत्नामावशी बसली होती. ती दोन लेकरं बरी होऊन घरी आली होती, त्यातल्या एकाला ती मांडीवर घेऊन बसली होती, दुसऱ्या कोणाचं तरी. मी खाली वाकून नमस्कार करायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. खाली मशिनी चालू होत्या, म्हणून तिने तोंड माझ्या चांगल्या कानाशी आणलं. रागावून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं द्यायची सवय होती. पण ती रागावलेली नव्हती, खरोखरच विचारत होती, जसं एखाद्याला रस्ता विचारावा.

"त्या रोज मशीन काबर नई बंद करी व बाई? मनी पिंकी बी तठेच व्हती ना."

तिने माझं मनगट सोडलं आणि त्या लेकराच्या छातीवर हात ठेवला.